पापणी मिटेपर्यंत

(दृश्य : सोलापूरजवळच्या कुंभारीचं विडी घरकुल, म्हणजे विडी कामगारांची वसाहत, पहाट. ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं.)

रात्रभर ओलीत ठेवलेलं पान सकाळी मऊ होतं. त्यावर पत्र्याचा साचा ठेवायचा आणि कडेनं कात्री फिरवायची. आक्का लहानपणापासून हेच करत आल्या.

स्टोव्ह भडकला आणि चेहऱ्याची उजवी बाजू भाजली. जखमा भरल्या तेव्हा घरच्यांना वाटलं, सुटलो. पण खोल भाजलेली जखम भरते ती आवळत भरते. पापणीची कातडी अख्ख्या अंगात सर्वांत पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिला ही ओढ कशी सोसवणार? वरची पापणी भुवईकडे ओढली गेली, खालची गालाकडे उलटली. डोळा मिटेना.

"आता या वयात चेहरा कुणाला दाखवायचाय," असं पापणीच्या शस्त्रक्रियेचं ऐकून शेजारीपाजारी म्हणाले. आम्हाला इथं थांबून सांगायचंय : हा दिसण्याचा प्रश्नच नाही. पापणी मिटली की डोळ्यावर पाणी पसरतं. ती मिटली नाही, तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा कोरडा पडतो, तिथं जखम होते, मग फूल पडतं आणि नजर जाते. त्यात सोलापूरचा उन्हाळा आणि तंबाखूची भुकटी. झोपेत बुबुळ आपसूक वर सरकतं, तेवढाच आडोसा. रात्री नातू विचारायचा, "आज्जी, जागी हायस का?"

(दृश्य : शस्त्रक्रियागृहाबाहेरचा बाक.)

व्रण जुना होऊन मऊ पडेपर्यंत शस्त्रक्रियेसाठी काही महिने थांबता येतं. तोवर दिवसा थेंब, रात्री मलम. डोळा कोरडा पडू लागला, तर मात्र थांबायचं नाही.

आधी पापणीच्या कडेला समांतर छेद देऊन आवळलेला व्रण सोडवतात. तो सुटला की एवढी मोठी जागा उघडी पडते, की बघणाऱ्याला खरं वाटत नाही. खालच्या पापणीसाठी बहुतेकदा कानामागची पूर्ण जाडीची कातडी घेतात. वरचीला पातळ लागते, कारण तिला उघडझाप करायची असते. जखमेवर कागद दाबून आकार घ्यायचा, तो कानामागं आखायचा, थोडा मोठाच कापायचा. कापलेला तुकडा सलाइनच्या ओल्या कापडात ठेवायचा.

डॉक्टरांनी हे समजावलं, तेव्हा आक्का म्हणाल्या, "म्हंजे आमचं पानच की."

पहिल्या महायुद्धात पापण्या गमावलेल्या वॉल्टर यो या खलाशावर हॅरॉल्ड गिलीज यांनी १९१७ साली शस्त्रक्रिया केली होती. तेव्हापासून हे शास्त्र फार पुढं आलं, पण लावलेल्या कातडीची भूक तीच. पहिले एक-दोन दिवस ती खालून झिरपणाऱ्या द्रवावर जगते, मग तिच्यात रक्तवाहिन्या जोडल्या जातात. त्या काळात ती हलली किंवा खाली रक्त साठलं, तर सगळी मेहनत वाया. म्हणून वर कापसाची गादी टाक्यांनी घट्ट बांधतात आणि दोन्ही पापण्या तात्पुरत्या एकमेकींना शिवून ठेवतात.

आठवड्यानं गादी निघाली. कातडी गुलाबी होती.

लावलेली कातडीही पुढं थोडी आकसते. काहींना पुन्हा शस्त्रक्रिया लागते. हे आक्कांना आधीच सांगितलं होतं. पापण्यांचे टाके निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, "मिटा बघू." बारीक फट राहिली.

(दृश्य : घरकुल, रात्र.)

ती फट आहे, म्हणून मलम सुटलेलं नाही. नऊ वाजले की नातू ट्यूब घेऊन उशाशी येतो. "आज्जी, मीट."

आक्का मिटतात.