दहा वाजता

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या घरी रोज सकाळी दहाला एक दार बंद होतं. आत मी, बाहेर माझी अडीच वर्षांची लेक. पूर्वी ती दोन्ही हातांनी दार बडवायची. “बाबा, आत काय कलतोस?”

आत काय करतो ते रेडिओवर सांगावं का, यावर दोन दिवस घातले. सांगतोच.

अकरा वर्षांपूर्वी मे महिन्यात हापूस उतरवताना फांदी मोडली आणि मी खाली आलो. कंबरेच्या वरचा मणका गेला. पाय गेले ते लोकांना दिसतं. लघवीचं कुणाला दिसत नाही. ती लागली की कळत नाही आणि आपली आपण होत नाही. म्हणून दर चार तासांनी चौदा नंबरची नळी आत सरकवायची, मूत्राशय रिकामं करायचं, नळी काढायची. पूर्वी डॉक्टर म्हणत, हे सगळं निर्जंतुकच हवं, ऑपरेशनच्या खोलीत असतं तसं. १९७२मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या जॅक लॅपिडीस यांनी दाखवून दिलं, की साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते. मूत्राशय तुंबू द्यायचं नाही, हे खरं महत्त्वाचं. त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही, पण दिवसातून पाच वेळा त्याची आठवण काढतो.

बायको आठ वाजता काजूच्या कारखान्यात जाते. आई घरात असते, पण तिचे गुडघे तिला खाली बसू देत नाहीत. म्हणजे पोर माझ्याकडे.

एकदा पोरीने माझी नळी पळवली आणि त्याच नळीने तुळशीला पाणी घालायला निघाली. आईने कपाळावर हात मारला. मला हसू आवरेना. ओरडलो असतो तर ती पुन्हा चोरूनच घेऊन गेली असती. मी तिची बाहुली मांडीवर घेतली आणि म्हटलं, “बाबाच्या पोटात शूची पिशवी आहे. तिचं दार आतून उघडत नाही. ही नळी म्हणजे तिची किल्ली.”

“दुसली किल्ली कुठाय?”

“हरवली.”

“आंब्यावल?”

मी हो म्हणालो. याहून बरं उत्तर मला डॉक्टरांकडूनही मिळालं नव्हतं. त्या दिवशी बाहुलीसाठी नळीचा एक तुकडा कापून दिला, माझ्या नळ्यांचा डबा वर फळीवर गेला. दार अजूनही बंदच असतं, ते माझं मी राखलंय. पण तिचंही लंगोट सुटून भांड्यावर बसायचं चाललंय, तेव्हा दहाला आम्ही दोघं बसतो, दाराच्या दोन बाजूंना. तिची आधी झाली की ती ओरडून सांगते. बहुतेक तीच जिंकते.

कुतूहलाचा फटकाही बसलाय, तो लपवत नाही. माझ्या चाकांच्या खुर्चीच्या गादीखाली काय आहे ते बघून तिने वर एक गजगा ठेवला आणि विसरली. मी त्यावर तीन तास बसलो. कंबरेखाली काही कळतच नाही, तर टोचणार काय! रात्री आरशात बघितलं तेव्हा लाल वण होता, बोटाने दाबला तरी पांढरा न होणारा, म्हणजे दाबाने होणाऱ्या जखमेची सुरुवात. तीन आठवडे पालथा पडून होतो. पाठीवरून तिच्या गाड्या धावत होत्या. तेव्हापासून मी खुर्चीत बसायच्या आधी तिचा हात गादीवरून फिरतो, आणि दर वीस मिनिटांनी मी हातांवर अंग उचलतो तेव्हा “उडी!” अशी आरोळी येते. आधी यासाठी मोबाइलचा गजर लावायचो.

धावत तिच्यामागे जाता येत नाही. विहिरीवर लोखंडी जाळी बसवली, खळ्याला फाटक केलं, तिच्या पायात घुंगरांचे वाळे घातले. घुंगरू थांबले की मी खुर्ची वळवतो. शांतता असेल तिथेच काहीतरी उद्योग चाललेला असतो. उचलून घेणं मात्र तिनेच सोपं केलं. ती पायटीवर चढते, माझा पट्टा धरते आणि मांडीवर येते. तेव्हा चहाचा कप जवळ नसतो. गरम चहा मांडीवर सांडला तर मला भाजल्याचं फोड आल्यावरच कळेल.

ती जन्मली तेव्हा एक नातेवाईक म्हणाले होते, पोर मामाकडे ठेवा, तुम्हाला झेपायचं नाही. चांगल्या मनानेच म्हणाले. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. नंतर कळलं, संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांचा करार भारताने २००७मध्ये मान्य केलाय आणि त्याच्या २३व्या कलमात लिहिलंय, की आईबापाच्या अपंगत्वापायी मूल त्यांच्यापासून तोडायचं नाही. ते नातेवाईक आता आले की पोर त्यांना गादी तपासून मगच बसू देते.

गेल्या आठवड्यात तिने विचारलं, “मी मोठी झाले की मला पण खुल्ची?”

म्हटलं, “नाही गो, तुला नको.”

ती जी रडायला लागली ती संध्याकाळपर्यंत. बायको कामावरून आली आणि दारातूनच विचारती झाली, “हिला मारलं कुणी?”