स्थापनेनंतरचा एकोणपन्नासावा दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतील महाविद्यालयांत विद्यार्थिनींचे जे संघ असतात, त्यांना ‘सोरॉरिटी’ म्हणतात. बहीण या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव आले असून, बहुतेक संघ स्वतःला ग्रीक अक्षरांची नावे देतात. आज मी अशाच एका संघाविषयी बोलणार आहे. त्याचे नाव डेल्टा सिग्मा थीटा. वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात 13 जानेवारी 1913 रोजी 22 कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी तो स्थापन केला. दिनांक आणि आकडा, दोन्ही लक्षात असू द्यावेत: 13 जानेवारी, आणि 22 जणी.

हॉवर्ड विद्यापीठ 1867 मधले, म्हणजे गुलामगिरी संपून जेमतेम दोन वर्षे झाली होती तेव्हाचे. त्यानंतर सहा वर्षांनी महात्मा फुल्यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक ज्या अमेरिकी लोकांना अर्पण केले, ते निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेले लोक होते, हे मराठी माणसाने विसरू नये असे मला नेहमी वाटते.

या 22 जणी आधी अल्फा कप्पा अल्फा या, हॉवर्डमध्येच 1908 मध्ये सुरू झालेल्या संघाच्या सदस्य होत्या. संघाने विद्यापीठाच्या आवाराबाहेरच्या प्रश्नांना हात घालावा, असा त्यांचा आग्रह होता. त्यावरून मतभेद झाले आणि त्या वेगळ्या झाल्या. मायरा डेव्हिस हेमिंग्ज हॉवर्डमधील या नव्या संघाच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

आता जी हकिगत सांगणार आहे, तिच्यासाठीच मी आजचा विषय निवडला. स्थापनेनंतरचा एकोणपन्नासावा दिवस होता 3 मार्च 1913. दुसऱ्या दिवशी वुड्रो विल्सन अध्यक्षपदाची शपथ घेणार होते, त्यामुळे वॉशिंग्टन शहर पाहुण्यांनी फुलून गेले होते. नेमका तोच मुहूर्त साधून ॲलिस पॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्त्रियांच्या मताधिकारासाठी मोर्चा काढला. पाच हजारांहून अधिक स्त्रिया पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवर उतरल्या. अग्रभागी पांढऱ्या घोड्यावर, पांढरा अंगरखा पांघरलेल्या इनेझ मिलहॉलंड होत्या.

या मोर्चात कृष्णवर्णीय स्त्रियांनी यावे की नाही, यावरच आधी खल झाला होता. दक्षिणेकडील राज्यांतून आलेल्या गोऱ्या स्त्रिया नाराज होतील, या भीतीने संयोजक कचरत होते. शिकागोहून आलेल्या कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स-बार्नेट यांना ‘तुम्ही मागे, कृष्णवर्णीय स्त्रियांच्या तुकडीत चाला’ असे सांगण्यात आले. त्यांनी ते ऐकले नाही. मोर्चा सुरू झाल्यावर त्या बघ्यांच्या गर्दीतून पुढे आल्या आणि आपल्या इलिनॉय राज्याच्या तुकडीत, दोन गोऱ्या सहकाऱ्यांच्या मधोमध चालू लागल्या.

अशा त्या मोर्चात हॉवर्डच्या मुली आल्या, त्या पदवीदानाचा झगा आणि चौकोनी टोपी घालून. ज्यांच्या आजी-आजोबांच्या पिढीला अक्षर शिकवणे हाच कित्येक राज्यांत गुन्हा होता, त्यांच्या नाती विद्येचा पोशाख अंगावर घेऊन देशाच्या राजधानीतून चालत होत्या. त्यांच्यासोबत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मेरी चर्च टेरेल होत्या, ज्यांचे आईवडील दोघेही गुलामगिरीत जन्मलेले होते. दोन्ही बाजूंना दाटलेल्या पुरुषांपैकी अनेक जण मद्य प्यालेले होते. त्यांनी रस्ता अडवला, स्त्रियांना धक्के दिले, अंगावर थुंकले, आणि पोलीस बहुतांशी बघत उभे राहिले. शंभरावर माणसांना रुग्णालयात न्यावे लागले, आणि अखेर फोर्ट मायर या लष्करी तळावरून घोडदळ बोलवावे लागले, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. या 22 जणींच्या संघाचे पहिले सार्वजनिक कार्य ते हे. पुन्हा सांगते, पहिले कार्य म्हणजे निधी गोळा करणे नव्हते, कपडे वाटणे नव्हते. जिथे आपण नको आहोत असे सांगितले गेले, तिथे जाऊन चालणे हे होते. सेवा या शब्दाचा हा अर्थ मला फार मोलाचा वाटतो.

मताधिकाराची घटनादुरुस्ती 1920 मध्ये झाली, परंतु दक्षिणेतील कृष्णवर्णीय स्त्रियांची अडवणूक त्यानंतरही चालूच राहिली आणि 1965 च्या कायद्यापर्यंत त्यांना वाट पाहावी लागली.

संघाच्या परंपरांविषयी थोडे सांगते. किरमिजी आणि साय-रंग हे त्यांचे रंग, आणि व्हायोलेट हे त्यांचे फूल. सदस्य जी शपथ घेतात, ती 1914 मध्ये याच मेरी चर्च टेरेल यांनी लिहिली. 1920 पासून मे महिन्यात शिक्षणाचा प्रसार करणारा सप्ताह पाळला जातो. पहिल्या राष्ट्रीय अध्यक्ष सेडी अलेक्झांडर यांनी 1921 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची अर्थशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली. ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्री. काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री शर्ली चिझम याही याच संघाच्या. आणि मुख्य म्हणजे, महाविद्यालय सुटले तरी सदस्यत्व सुटत नाही. पदवीनंतर त्या गावोगावच्या शाखांत आयुष्यभर काम करतात. आपल्याकडे मुलींची मंडळे स्नेहसंमेलनापुरती जमतात आणि नोकरी-लग्नानंतर एकमेकींचे पत्तेसुद्धा उरत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्या 22 जणींमध्ये बर्था पिट्स कॅम्पबेल होत्या. पुढे त्या सिॲटलला स्थायिक झाल्या आणि तेथे वंशसमतेसाठी दीर्घकाळ झटल्या. 1913 च्या मोर्चाच्या स्मरणार्थ 1981 मध्ये संघाच्या दहा हजार सदस्यांनी पुन्हा त्याच पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवरून मोर्चा काढला. रस्ता तोच होता, आणि सर्वांच्या पुढे बर्थाबाई होत्या. त्या वेळी त्यांचे वय 92 वर्षांचे होते.