ताने माहुताच्या भेटीला

श्रोतेहो, नमस्कार.

न्यूझीलंडच्या उत्तर भागात वाइपौआ नावाचं जंगल आहे. त्यात शिरण्याआधी आमच्या माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, वाटाड्याने आम्हाला बूट घासायला लावले. ब्रशने तळाची माती काढायची, मग जंतुनाशकात पाय दाबायचा. माझ्या बुटाच्या खाचेत नखाएवढा चिखल राहिला होता. त्यावर टॉर्च धरून तो म्हणाला, "एवढाही पुरतो."

कशाला पुरतो? कौरीचं झाड मारायला. मातीतून पसरणारा एक सूक्ष्म जीव कौरीची मुळं कुजवतो. ही अन्न शोषणारी बारीक मुळं जमिनीच्या अगदी वरच्या थरात असतात. बुंध्यातून डिंक गळू लागतो, पानं विरळ होतात, आणि शेकडो वर्षांचं झाड उभ्याउभ्या वाळतं. हा रोग बरा करणारं औषध अजून नाही.

मग त्याने कराकिया म्हटली, म्हणजे प्रार्थना. रात्र होती. लाकडी पुलवाटेवरून आम्ही चालत होतो, दूर रुरु घुबड घुमत होतं. एका वळणावर त्याने दिवा वर केला आणि समोर भिंतच उभी राहिली. ताने माहुता, हेच ते कौरीचं झाड! उंची सुमारे 51 मीटर, घेर जवळजवळ 14 मीटर. वय दोन हजार वर्षांच्या आसपास असावं, असा अंदाज आहे. करड्या सालीचे पापुद्रे सतत गळतात, त्यामुळे वेलींना खोडावर पकडच मिळत नाही.

माओरी कथेत आकाशपिता रांगी आणि धरणीमाता पापा घट्ट मिठीत होते, मुलं मधल्या अंधारात. मग त्यांचा मुलगा ताने, रानाचा देव, पाठीवर आडवा झाला, पाय वर लावले आणि आईबापांना दूर सारलं. तेव्हा उजेड आला. वाटाड्याने खोडाकडे बोट केलं, "हे त्याचे पाय."

एकोणिसाव्या शतकात गोऱ्यांनी जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी, घरांसाठी कौरी बेसुमार तोडली. वाइपौआला 1952 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. आज 'ते रोरोआ' नावाचं माओरी कुळ त्याची राखण करतं. ऑकलंडजवळच्या वाइटाकेरे डोंगरांत तर 2017 साली तिथल्या माओरींनी राहुई पुकारली, म्हणजे रानात जायलाच बंदी. देवराईत कुऱ्हाड न नेणाऱ्या आपल्या माणसांना हे लगेच कळेल.

परतताना त्याने कपाळाला कपाळ, नाकाला नाक टेकवून निरोप दिला. श्वास वाटून घेण्याची ही होंगी. आणि पुन्हा ब्रश हातात दिला. "आता कशाला?" मी विचारलं.

"पुढच्या जंगलासाठी," तो म्हणाला.