फुलदाणी आधी उलटी करून बघा

नमस्कार मंडळी. आजचा विषय फुलदाणी, सिरॅमिकची, मग ती जुनी व्हिंटेज असो की आत्ताची मॉडर्न, आणि सुरुवातीलाच सांगून टाकते, घेताना आपण सगळे बघतो तिचं पोट, म्हणजे रंग, नक्षी, चकाकी, आणि तिचा खरा पत्ता लागतो बुडाशी नाहीतर मानेत. म्हणून आवडली रे आवडली की लगेच कुठल्या कोपऱ्यात ठेवायची ते ठरवत बसू नका, आधी दोन्ही हातांनी उचला आणि सावकाश उलटी करा. दुकानदार बघत राहिला तर राहू दे.

बुडाला कडेने एक खरखरीत गोल पट्टी दिसेल, तिथे ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, नसतो. भट्टीत ग्लेझ वितळतं, तिथेही ते असतं तर भांडं भट्टीतल्या फळीला कायमचं चिकटलं असतं, म्हणून भाजण्याआधी तेवढा भाग पुसून घेतात, आणि नेमकी तीच जागा आपल्या कामाची कारण आतली माती तिथे उघडी पडलेली असते. ती लालसर किंवा पिवळट असेल, ओलं बोट लावलं की पाणी ओढून घेत असेल, तर ते अर्दनवेअर, साधारण 1000 ते 1150 डिग्री सेल्सिअसला भाजलेलं. करडी, तपकिरी, एकदम घट्ट असेल तर स्टोनवेअर, ते 1200 ते 1300 च्या आसपास. आणि पांढरीशुभ्र, पातळ जागी मोबाईलचा टॉर्च धरला की उजेड आरपार येतोय, तर बहुतेक पोर्सेलिन. चीनमध्ये हे शतकानुशतकं होत होतं पण युरोपातला पहिला अस्सल पोर्सेलिनचा कारखाना निघायला 1710 साल उजाडलं, जर्मनीत माइसेनला, तोपर्यंत तिकडचे राजे लोक चिनी भांड्यांवर वारेमाप पैसे उधळत होते.

आता हे मातीचं पुराण कशाला, तर पाण्यासाठी. अर्दनवेअर आतून नीट ग्लेझ केलेलं नसेल तर पाणी झिरपतं, दिसत नाही पटकन, पण दोन दिवसांनी फुलदाणी उचलली की लाकडी टेबलावर पांढरट गोल उमटलेला असतो आणि तो काही केल्या जात नाही. त्यामुळे नवी असो की जुनी, घरी आणल्यावर पाणी भरून रात्रभर जुन्या वर्तमानपत्रावर ठेवायची. सकाळी कागद कोरडा तर पास, ओला असेल तर फेकायची गरज नाही, आत एक काचेचा उभा ग्लास किंवा टेस्ट ट्यूब बसवायची, पाणी त्यात, बाहेरून कुणाला कळत पण नाही.

बुडावरची दुसरी गोष्ट म्हणजे शिक्के. हा माझा खरा आवडीचा भाग, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे. 1891 पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव टाकणं सक्तीचं झालं, मॅकिन्ली टॅरिफ नावाचा कायदा होता. म्हणून जपानी फुलदाणीवर नुसतं 'निप्पॉन', म्हणजे जपानचंच जपानी नाव, असेल तर ती ढोबळमानाने 1891 ते 1921 मधली, त्यानंतर 'जपान' लिहायला लागले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर 1952 पर्यंतच्या बऱ्याच मालावर 'मेड इन ऑक्युपाइड जपान', म्हणजे परक्यांच्या ताब्यातला जपान, असं सापडतं. म्हणजे अख्खा इतिहास बुडाला चिकटलेला. तसंच 'डब्ल्यू जर्मनी' म्हणजे पश्चिम जर्मनी, हा देशच 1949 ते 1990 एवढा होता, त्यामुळे काळ आपोआप कळला. त्या जर्मन फुलदाण्यांच्या तळाला आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ 517-38, त्यातला पहिला आकडा साच्याचा नंबर आणि दुसरा उंची, सेंटीमीटरमध्ये. पट्टी लावून बघा, बहुतेक वेळा बरोबर निघते.

याच फुलदाण्यांमध्ये साठ-सत्तरच्या दशकातल्या काहींवर जाड, बुडबुडे फुटल्यासारखं ग्लेझ असतं, नारिंगी, लाल, काळं, हौशी लोक त्याला फॅट लाव्हा म्हणतात. ग्लेझमध्ये सिलिकॉन कार्बाइड मिसळलं की भट्टीत त्याचा गॅस सुटतो, ग्लेझ फसफसतं आणि तसंच थिजतं, जवळून बघितलं तर एकेक खड्डा दिसतो, काठ धारदार, बोट फिरवलं तर चक्क टोचतं. दिसायला जबरदस्त, पण फडक्याने पुसायला जाल तर फडक्याचे धागे अडकून बसतात, मऊ ब्रशच घ्यावा लागतो. सांगून ठेवलं.

तारीख सांगण्याची सगळ्यात भारी पद्धत मात्र अमेरिकेतल्या रूकवुड पॉटरीची. 1886 ला त्यांनी आर आणि पी ही अक्षरं जोडून शिक्का केला, 1887 पासून दरवर्षी त्याच्याभोवती एक ज्योत वाढवत गेले, 1900 पर्यंत चौदा ज्योती झाल्या, मग जागाच संपली म्हणा, 1901 पासून खाली रोमन आकडा टाकायला लागले. ज्योती मोजा आणि साल सांगा.

पण शिक्का दिसला म्हणून हुरळून जायचं नाही हं. चिनी फुलदाणीवर कांग्शी बादशहाचा शिक्का असतो, त्याचं राज्य 1661 ते 1722, आणि भांडं निघतं एकोणिसाव्या शतकातलं, कारण जुन्या काळाचा मान म्हणून तोच शिक्का पुढेही रंगवत राहिले, आणि फसवायला रंगवणारे वेगळेच. त्यामुळे शिक्का, माती, झीज, तिन्हीचा मेळ बसायला हवा. शंभर वर्षं टेबलावर बसलेल्या फुलदाणीच्या बुडाची पट्टी घासून गुळगुळीत झालेली असते, वेड्यावाकड्या बारीक ओरखड्यांची. सगळे ओरखडे एकाच दिशेने असतील तर कुणीतरी सॅंडपेपर मारलाय.

मग टिचकी. फुलदाणी तळहातावर ठेवायची आणि काठाला हलकेच नखाने वाजवायचं. पोर्सेलिन, स्टोनवेअर धड असेल तर खणखणीत वाजतं, बद्द आवाज आला की कुठेतरी चीर आहे असं समजायचं. अर्दनवेअर मुळातच बद्द वाजतं, तिथे ही टेस्ट चालत नाही. चिकटवून वरून रंगवलेली असेल तर नोटा तपासायच्या यूव्ही टॉर्चखाली तो भाग बहुतेक वेळा वेगळाच चमकतो, आणि हा टॉर्च काही महागाची वस्तू नाही. तळाला मधोमध भोक दिसलं तर कधीतरी तिचा टेबल लॅम्प केलेला होता, म्हणजे पाण्याच्या नावाने शून्य.

ग्लेझवर बारीक जाळं पडलेलं असतं त्याला क्रेझिंग म्हणतात, ती फुटलेली नसते. गार होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतं, ताणतं, आणि तडकतं, कधी भट्टीतून निघाल्यावर लगेच तर कधी वर्षानुवर्षं मातीने दमट हवा ओढून घेतल्यावर. चीनमध्ये तर सोंग राजघराण्याच्या काळापासून हे जाळं मुद्दाम पाडत आलेत, शोभा म्हणून. मला स्वतःला फार आवडतं ते. फक्त त्यात थेट पाणी भरलं की ते जाळ्यातून मातीत मुरतं, डाग पडतात, वास येतो, तेव्हा इथेही आत ग्लास. आणि एक सावधानी, जुन्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं, भडक नारिंगी-लालमध्ये कॅडमियम, त्यामुळे जुनी फुलदाणी कितीही सुंदर असली तरी तिचा प्यायच्या पाण्याचा जग करू नका.

आता मॉडर्न. इथे शिक्क्यांची भानगड नाही पण मानेत बोट घालून बघा, आतून गोल गोल वळ्या लागल्या तर चाकावर हाताने केलेली, बाहेरून उभी बारीक शिवण लागली तर साच्यात ओतलेली. साच्यातली वाईट नसते, फक्त हस्तकला म्हणून जास्त पैसे मोजू नका. आजकाल मॅट फिनिशची फॅशन आहे, फोटोत लय भारी दिसतं, पण कात्री, किल्ली, अंगठी घासली की करड्या रेघा उठतात आणि त्या सहज जात नाहीत. मॉडर्न म्हणजे हे एवढंच असंही नाही, ल्युसी री नावाची सिरॅमिक कलाकार 1938 ला व्हिएन्ना सोडून लंडनला आली, युद्धाच्या दिवसांत पोटासाठी सिरॅमिकची बटणं केली, आणि पुढे तिने बारीक मानेच्या, वर फुलासारख्या उमललेल्या काठाच्या ज्या फुलदाण्या केल्या त्या आजही आत्ताच डिझाइन केल्यासारख्या वाटतात.

वापरायचीच असेल तर तोंडाचा विचार आधी करा. रुंद तोंडाच्या फुलदाणीत पाच-सहा दांडे टाकले की सगळे कडेला पसरतात आणि मधे खड्डा. मग तोंडावर पारदर्शक टेपची जाळी करा नाहीतर तळाला खिळ्यांचा केनझान ठेवा, इकेबानावाले, म्हणजे जपानी पुष्परचना करणारे, वापरतात तो. रोज एकदोनच फुलं ठेवणार असाल तर सरळ अरुंद मानेची घ्या. उंचीचा अंदाज असा की फुलं फुलदाणीच्या साधारण दीडपट उंच शोभतात. बूड बारीक आणि वर घेर असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत वाळू बांधून आत सोडा, घरात मांजर असेल तर नक्कीच.

जुनी आणि नवी शेजारी ठेवायला काहीच हरकत नाही, उलट मजा येते, फक्त नक्षीवाली एकच असू दे आणि बाकीच्या साध्या, तिच्यातला एखादा रंग उचललेल्या. नक्षीदार फुलदाणीत रंगीबेरंगी फुलं कोंबली की दोन्ही वाया, तिथे पांढरी फुलं किंवा नुसती पानं.

शेवटी सफाईचं, कारण पत्रं त्याचीच जास्त येतात. अरुंद मानेच्या आत हिरवट थर बसला, हात जात नाही, तर कोमट पाण्यात कवळी साफ करायची गोळी टाकून रात्रभर ठेवा, सकाळी बाटलीच्या ब्रशने निघतं. पाण्याचे पांढरे डाग असतील तर पातळ केलेलं व्हिनेगर. पण सोनेरी काम असलेल्या किंवा क्रेझिंग झालेल्या जुन्या पीसला यातलं काहीही लावायचं नाही, ओला मऊ कपडा आणि लगेच कोरडा, बास. नमस्कार.