सडक्या फळातली सोबतीण

श्रोतेहो, नमस्कार.

पिकायला आलेलं एखादं फळ हातात घ्या आणि उजेडाकडे धरून सावकाश फिरवा. सालीवर टाचणीच्या टोकाएवढा काळपट ठिपका दिसला, त्यातून रसाचा बारीकसा थेंब आलेला दिसला, तर बहुधा फळमाशीनं तिथे डंख मारलाय. सालीच्या लगेच खाली तिची पांढरी, लांबट अंडी असतात. दीड-दोन दिवसांत त्यांतून अळ्या निघतात, गर पोखरत खोल जातात, आणि वरून धडधाकट दिसणारं फळ आतून नासतं. औषध फवारलं तर ते बसतं सालीवर. अळी असते गरात.

त्या गरापर्यंत पोचणाऱ्या एका जिवाबद्दल आज मला बोलायचंय.

डंखाच्या ठिपक्यापाशी थोडा वेळ नजर लावून बसलात, तर मुंगीएवढी, सडपातळ, लांब मिशांची एक माशी फळावर चालताना दिसू शकते. गांधीलमाशीच्याच गोतातली, पण माणसाच्या वाटेला ती जात नाही. मिशांनी साल थोपटायची, थांबायचं, पुन्हा थोपटायचं, असं तिचं चाललेलं असतं. ठिपका सापडला की ती पोट वाकवते आणि केसासारखी बारीक सुई आत घालते. फळमाशीचं अंडं जेमतेम एक मिलिमीटर लांब. त्या अंड्याच्या आत ही आपलं अंडं ठेवते! पुढे फळमाशीची अळी नेहमीसारखी वाढते, फळातून बाहेर पडून मातीत शिरते, कोष करते. पण त्या कोषातून फळमाशी निघत नाही. आतल्या पाहुणीनं तिला खाऊन संपवलेलं असतं आणि कोष कुरतडून नवी गांधीलमाशी बाहेर येते. अशा जिवांना परोपजीवी कीटक म्हणतात. हिचं शास्त्रीय नाव फोपियस अरिसॅनस.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला पूर्वेकडची फळमाशी, म्हणजे बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस, हवाई बेटांवर पोचली आणि तिथल्या फळांची दाणादाण उडाली. तिचे शत्रू मागे, तिच्या मूळ मुलखातच राहिले होते. कीटकशास्त्रज्ञ ते शोधायला निघाले, देशोदेशींचे परोपजीवी कीटक बेटांवर आणून सोडले गेले. आधी एका जातीनं जम बसवला, मग दुसरीनं तिला मागे सारलं. फोपियस मात्र सुरुवातीला ओळखूच आली नव्हती, इतर जातींच्या गर्दीत मिसळून आली होती. ती थेट अंड्यांवर हल्ला करते हे नंतर लक्षात आलं, आणि १९५० च्या सुमारास बाकीच्यांना मागे टाकून तीच सर्वांत पुढे होती.

अंड्यांवर हल्ला, इथेच तिचं खरं बळ आहे. त्याआधी १९१६ साली वेलवर्गीय पिकांवरच्या फळमाशीसाठी सिटालिया फ्लेचेरी नावाची एक गांधीलमाशी भारतातून हवाईला नेली होती. ती अळीला गाठते. रानटी कारल्याच्या लहानशा फळांत तिनं चांगलं काम केलं, पण लागवडीतल्या मोठ्या, जाड गराच्या फळांत अळी खोल गेली की तिची सुई तोकडी पडायची. अंडी मात्र सालीखालीच असतात. फळ केवढंही असो, फोपियसला ती सापडतात. पुढे १९९६ मध्ये पॅसिफिकमधल्या ताहिती बेटावर पूर्वेकडची फळमाशी आढळली, तेव्हा २००२ साली हवाईहून फोपियस तिकडे गेली. २००३ मध्ये केनियात ती फळमाशी सापडली, २००६ मध्ये तिथेही फोपियसलाच नेलं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ज्या फळात ही गांधीलमाशी अंडं घालते, ते फळ वाचत नाही. फळमाशीची अळी मरते ती कोषात गेल्यावर, तोवर गर खाऊन झालेला असतो. फायदा होतो पुढच्या पिढीत, फळमाश्यांची संख्या घटते तेव्हा. म्हणून एकट्या हिच्यावर भिस्त ठेवू नका. सापळे हवेत, आमिष हवं, पडलेली फळं वेचणं तर हवंच. आणि सरसकट विषारी फवारणी केलीत, तर फळमाशीआधी हीच मरण्याची भीती.

वेचलेल्या फळांचं पुढे काय करायचं, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. खोल पुरली, जाळली, तर किडीबरोबर आतली सोबतीणही गेली. हवाईत यावर एक सुरेख तोडगा वापरतात. सडकी फळं एका बंद तंबूत टाकायची. तंबूला वर अशा मापाची जाळी, की सडपातळ गांधीलमाशी निसटून बागेत परतेल आणि जाडजूड फळमाशी आतच अडकून मरेल. हे ऐकलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. केवढी साधी गोष्ट!

तुमच्या बागेत ती आहे का, हे पाहायचं असेल तर डंखलेली चार फळं एका बरणीत ओलसर वाळूवर ठेवा, तोंडाला बारीक विणीचं कापड घट्ट बांधा. अळ्या वाळूत उतरतील, तपकिरी कोष होतील. आधी फळमाश्या निघतील. त्या दिसल्या म्हणून बरणी लगेच रिकामी करू नका. आणखी काही दिवस थांबा. लांब मिशांच्या त्या चिमुकल्या माश्या मागाहून निघतात.

नमस्कार.