वजनाच्या काट्यापलीकडे

[दृश्य: नवजात अतिदक्षता विभाग. काट्यावर ठेवलेलं इवलं बाळ.]

इथे सकाळची पहिली बातमी वजनाची. १,०४० ग्रॅम, कालच्यापेक्षा १८ ग्रॅम जास्त. दाराबाहेर ताटकळलेल्या आजीला एवढं कळलं तरी पुरतं.

३७ आठवडे भरण्याआधी जन्मलं, तर ते अपुऱ्या दिवसांचं बाळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, त्यातली ३० लाखांहून जास्त भारतात. काचेच्या पेटीतून घरी आलेल्या अशा बाळाच्या आईला 'पुढे लठ्ठपणा सांभाळा' असं म्हटलं, तर ती चक्रावेलच. आधी बाळसं तर धरू दे!

पण हे बाळ प्रसूतीच्या मूळ तारखेपर्यंत पोहोचतं, तेव्हा दिवस भरून जन्मलेल्या बाळापेक्षा साधारणपणे हलकं आणि बुटकं असतं. तरीही त्याच्या अंगात चरबीचा वाटा जास्त आणि स्नायू कमी असतात. काट्याला यातलं काहीच दिसत नाही.

अमेरिकेत 'एल्गन' नावाचा अभ्यास आहे. २००२ ते २००४ मध्ये, ५ राज्यांतल्या १४ रुग्णालयांत, २८ आठवड्यांच्याही आधी जन्मलेली मुलं त्यात घेतली. पुढे ती वाढत असताना लठ्ठपणाशी जोडलेल्या दोन गोष्टी ठळक दिसल्या: गरोदरपणाआधीच आईला असलेला लठ्ठपणा आणि पहिल्या वर्षात बाळाचं झपाट्याने वाढलेलं वजन.

आता हे सगळं आईच्या माथी मारायला आपल्याकडे वेळ लागणार नाही. लग्न जमवताना पत्रिका पाहतात. मुलीची साखर, हिमोग्लोबिन, वजन यांची चौकशी मात्र दिवस गेल्यावर.

[दृश्य: पुण्याजवळचं गाव. अंगणात पाळणा.]

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून जवळच्या ६ गावांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास करत आले आहेत. इथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली त्वचा चिमटीत धरून मोजली, तर तिथली चरबी फारशी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. ही बाळं दिवस भरलेली होती, हे खरं. तरी 'बारीक आहे, म्हणजे चरबी नाही' हा आपला हिशेब तिथेच चुकतो.

मग दूध तोडायचं का? मुळीच नाही. सुरुवातीच्या आठवड्यांतली वाढ मेंदूसाठी लागते, तिथे हात आखडून चालत नाही. प्रश्न येतो तो नंतर, घरी. दुधात साखर, चहात बुडवलेलं बिस्कीट, आणि 'शेजारचं बघ कसं गुटगुटीत आहे' हा धोशा. शेजारचं दिवस भरून आलेलं असतं. दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला त्याची वाढ १० महिन्यांच्या बाळाशी ताडून पाहायची. पहिली दोन वर्षं हाच हिशेब.

[दृश्य: तपासणीची फाईल.]

वजनाचा रकाना भरलेला, लांबीचा कोरा. लांबी मोजायला फळी लागते, दोघांचे हात लागतात, बाळ रडतं. म्हणून राहून जातं. पण लांबी आणि डोक्याचा घेर वाढत असेल, तर वाढलेल्या वजनाचा अर्थ वेगळा. नुसतं वजनच पळत असेल, तर वेगळा.

आणि दुसऱ्या वर्षी गोलमटोल दिसणारं मूल दहाव्या वर्षीही तसंच असेल, असं नाही. 'एल्गन'मधल्या बऱ्याच मुलांचा वजनाचा गट या आठ वर्षांत बदलला. काहींचा वर गेला, काहींचा खाली.