जान मारिया व्होलोन्ते : एका नटाची अनेक माणसे

श्रोतेहो, नमस्कार.

‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ हा १९६४ सालचा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल आणि तो क्लिंट ईस्टवुड यांच्यामुळे लक्षात राहिला असेल. त्यातला रायफलीवर गाढ विश्वास असलेला क्रूर रामोन रोहो आणि पुढच्याच वर्षी आलेल्या ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’मधला एल इंडियो, म्हणजे घड्याळातले सूर संपेपर्यंतच समोरच्या माणसाला जगू देणारा दरोडेखोर, या दोन्ही भूमिका एकाच नटाने केल्या आहेत, हेही कदाचित आठवेल. पण पहिल्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्या नटाचे नाव जॉन वेल्स असे झळकले होते. वेस्टर्न, म्हणजे काउबॉय-दरोडेखोरांचे चित्रपट, हा अमेरिकेचा प्रांत, तो इटलीत तयार होतो हे प्रेक्षकांना रुचणार नाही, अशा धास्तीने दिग्दर्शक सेर्जो लेओने यांनी स्वतःसाठी बॉब रॉबर्टसन हे नाव घेतले होते, संगीतकार एन्नियो मोरिकोने डॅन सॅव्हिओ झाले होते आणि जान मारिया व्होलोन्ते झाले होते जॉन वेल्स. एवढेच नव्हे, तर या दोन्ही चित्रपटांच्या इटालियन आवृत्तीत त्यांना आवाजही दुसऱ्याच नटाचा दिला गेला. ज्याच्या वाणीची ताकद पुढे सगळ्या इटलीने मानली, त्या नटाची जगाला ओळख झाली ती परक्या नावाने आणि परक्या आवाजाने, ही गोष्ट मला आजही हळहळ वाटावी अशी वाटते.

व्होलोन्ते यांचा जन्म ९ एप्रिल १९३३ रोजी मिलान शहरात झाला आणि बालपण तोरीनो म्हणजे ट्यूरिनमध्ये गेले. वडील कट्टर फॅसिस्ट होते. युद्ध संपल्यावर त्यांना कारावास झाला आणि तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला. मुलाने लवकर शाळा सोडली, मिळेल ते काम केले, गावोगाव फिरणाऱ्या नाटक मंडळीत प्रवेश मिळवला आणि नंतर रोमच्या राष्ट्रीय नाट्य अकादमीतून १९५७ साली रीतसर शिक्षण पूर्ण केले. वडिलांच्या राजकारणाशी मुलाने आयुष्यभर जणू उलट तपासणी मांडली, असे म्हणण्याचा मोह होतो. पण माणसाच्या मनाचा हिशेब इतक्या सरळ रेषेत मांडता येत नाही, म्हणून मी तिथेच थांबतो. निश्चित सांगता येते ते इतकेच की, डाव्या विचारांवरची त्यांची निष्ठा उघड होती आणि तिचा परिणाम त्यांच्या भूमिकांच्या निवडीवर सतत होत राहिला.

लेओने यांच्याकडे येण्याआधीच व्होलोन्ते मान्यता पावलेले नट होते. १९५९ साली इटालियन दूरचित्रवाणीवर दोस्तोयेव्हस्कीच्या कादंबरीवरून झालेल्या ‘इडियट’मध्ये त्यांनी रोगोझिन साकारला होता. १९६२ साली ताव्हियानी बंधू आणि व्हालेन्तिनो ओर्सिनी यांनी त्यांना सिसिलीतल्या एका शेतमजूर पुढाऱ्याची भूमिका दिली. माफियाने ज्याचा खून केला त्या साल्व्हातोरे कार्नेव्हाले या खऱ्या कार्यकर्त्याच्या आयुष्यावर ती बेतलेली होती. वेस्टर्न चित्रपटांविषयी त्यांना फारसे ममत्व नव्हते. तरीही एल इंडियोचे ते धुंदावलेले, मध्येच कुठेतरी हरवणारे डोळे पाहिले की, या नटाने खलनायकालाही एक पूर्वायुष्य आणि एक दुखरी जागा दिली, हे मान्य करावेच लागते.

त्यानंतरच्या चार-पाच वर्षांतली त्यांची कामे पाहताना आपण एकाच नटाकडे पाहत आहोत, यावर विश्वास बसत नाही. मारियो मोनिचेल्ली यांच्या मध्ययुगीन विनोदी चित्रपटात ते एका कंगाल घराण्याचा छचोर सरदारपुत्र झाले. दाम्यानो दाम्यानी यांच्या ‘अ बुलेट फॉर द जनरल’मध्ये मेक्सिकोच्या क्रांतीत शस्त्रांचा व्यापार करता करता जागा होणारा रांगडा बंडखोर त्यांनी उभा केला. सेर्जो सोल्लिमा यांच्या ‘फेस टू फेस’मध्ये तर ते आजारी, पुस्तकी प्राध्यापक आहेत, हा प्राध्यापक दरोडेखोरांत राहता राहता हिंसेचे तत्त्वज्ञान रचू लागतो आणि अखेर दरोडेखोरापेक्षाही निर्दय होतो. मग आले १९६८ साल. त्या एकाच वर्षी त्यांनी पियेत्रो काव्हाल्लेरो आणि आल्दो चेर्व्ही या दोन खऱ्या माणसांच्या भूमिका केल्या. पहिला होता मिलानच्या रस्त्यांवर बँकलुटीनंतर गोळीबार करत पळालेल्या टोळीचा प्रमुख, स्वतःला पुढारी समजणारा बडबड्या गुन्हेगार. दुसरा होता डिसेंबर १९४३ मध्ये फॅसिस्टांनी ज्यांना एकाच वेळी गोळ्या घालून मारले, त्या सात शेतकरी भावांपैकी एक. चेहरा तोच, उंची तीच, पण खांदे निराळे, पावलांची चाल निराळी आणि समोरच्याचे बोलणे ऐकण्याची रीतही निराळी.

व्होलोन्ते यांचे वैविध्य रंगभूषेत नव्हते, असे माझे ठाम मत आहे. सत्तेपुढे माणूस कसा उभा राहतो, तिच्याकडे कसा पाहतो, तिच्यासमोर आवाज चढवतो की गिळतो, याचे सूक्ष्म निरीक्षण हा त्यांच्या कलेचा पाया होता. त्यासाठी ते परिश्रमही तसेच घेत. मिळालेली पटकथा ते स्वतःच्या हाताने वहीत उतरवून काढत, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेले वाक्य आधी हातातून जाई आणि मग ओठांवर येई.

या साधनेचे सर्वोच्च फळ म्हणजे एलिओ पेत्री यांचा १९७० सालचा ‘इन्व्हेस्टिगेशन ऑफ अ सिटिझन अबव्ह सस्पिशन’. पोलिसांच्या खून शाखेचा प्रमुख आपल्या प्रेयसीचा खून करतो आणि जाणूनबुजून तिथे स्वतःविरुद्धचे पुरावे मागे ठेवतो. त्याच दिवशी त्याची राजकीय शाखेच्या प्रमुखपदी बढती झालेली असते. आपल्या पदाकडे बोट दाखवण्याची कोणाची छाती होते का, हे त्याला पाहायचे असते. व्होलोन्ते यांनी या माणसाला चापूनचोपून बसवलेले केस दिले, दक्षिणेकडच्या बोलीचा ठसका दिला, हाताखालच्या लोकांसमोर तोफेसारखा सुटणारा आवाज दिला आणि वरिष्ठांसमोर क्षणात लहान मुलासारखे होणारे शरीर दिले. दडपशाहीचा गौरव करणारे त्याचे भाषण ऐकताना अंगावर काटा येतो. हा चित्रपट प्रदर्शित होण्याच्या दोनच महिने आधी, १२ डिसेंबर १९६९ रोजी, मिलानच्या फोन्ताना चौकातल्या बँकेत बॉम्बस्फोट झाला होता आणि त्यानंतर पोलीस कोठडीत असलेले जुझेप्पे पिनेल्ली हे अराजकवादी कार्यकर्ते पोलीस मुख्यालयाच्या खिडकीतून पडून मरण पावले होते. चित्रीकरण त्यापूर्वीच झालेले होते. तरी प्रेक्षकांना ते कालच्या वर्तमानपत्रासारखे वाटले असेल, तर नवल नाही. पुढे या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट परदेशी चित्रपटाचे ऑस्कर मिळाले.

लगेचच पेत्री यांच्याच ‘द वर्किंग क्लास गोज टू हेवन’मध्ये व्होलोन्ते सत्तेच्या अगदी खालच्या पायरीवर उतरले. लुलू मास्सा हा कामगार नगावर मिळणाऱ्या मजुरीपायी यंत्राच्या वेगाने राबतो, त्यामुळे मालकांचा लाडका आणि सहकाऱ्यांच्या डोळ्यांत सलणारा असतो. यंत्रात बोट गमावल्यावर मात्र त्याचे सगळे जगच हादरते. दुसरीकडे दिग्दर्शक फ्रांचेस्को रोसी यांनी ‘द मात्तेई अफेअर’मध्ये त्यांना एन्रिको मात्तेई केले. इटलीच्या सरकारी तेल कंपनीचे हे कर्तबगार प्रमुख १९६२ साली विमान कोसळून ठार झाले आणि त्या अपघाताभोवतीचा संशय कधीच विरला नाही. शोषलेला कामगार आणि मंत्र्यांनाही न जुमानणारा उद्योगधुरीण, या दोन भूमिकांचे हे दोन्ही चित्रपट १९७२ साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिकाचे संयुक्त मानकरी ठरले. त्याच सुमारास जुलियानो मोन्ताल्दो यांच्या ‘साको अँड व्हान्झेत्ती’मध्ये, अमेरिकेत १९२७ साली देहदंड भोगलेल्या बार्तोलोमेओ व्हान्झेत्ती या इटालियन स्थलांतरित अराजकवाद्याचे शेवटचे न्यायालयीन निवेदन त्यांनी ज्या संयमाने उच्चारले आहे, ते कुठल्याही वक्त्याने अभ्यासावे असे आहे. याच दिग्दर्शकाचा, धर्मसत्तेने जाळून मारलेल्या तत्त्वज्ञावरचा ‘जोर्दानो ब्रूनो’ मला मात्र काहीसा भाषणाकडे झुकलेला वाटतो.

आता त्यांच्या कारकिर्दीतल्या सर्वांत अस्वस्थ करणाऱ्या प्रकरणाकडे येऊ. १९७६ साली पेत्री यांनी लेओनार्दो शाशा यांच्या कादंबरीवरून ‘तोदो मोदो’ हा चित्रपट केला. त्यातला सत्ताधारी पक्षाचा अध्यक्ष म्हणजे ख्रिस्ती लोकशाही पक्षाचे नेते आल्दो मोरो यांचेच उघड व्यंगचित्र होते. व्होलोन्ते यांनी मोरोंचा मवाळ, गुळगुळीत स्वर आणि थकलेली देहबोली इतकी हुबेहूब उचलली की, सुरुवातीच्या दोन दिवसांचे चित्रीकरण टाकून द्यावे लागले, असे पेत्री यांनी नंतर सांगितले होते. चित्रपटाच्या अखेरीस त्या नेत्याला गोळी घातली जाते. दोन वर्षांनी, १६ मार्च १९७८ रोजी, रेड ब्रिगेड्स या डाव्या अतिरेकी संघटनेने खऱ्या मोरोंचे रोममध्ये अपहरण केले, पंचावन्न दिवस त्यांना कोंडून ठेवले आणि ९ मे रोजी त्यांचा मृतदेह एका मोटारीत सापडला.

पुढे १९८६ साली जुझेप्पे फेर्रारा यांच्या चित्रपटात व्होलोन्ते यांनी पुन्हा मोरोंचीच भूमिका स्वीकारली. या वेळी मात्र व्यंग जराही नव्हते. छोट्या कोठडीत पत्रे लिहिणारा, स्वपक्षीयांनी आपल्याला वाऱ्यावर सोडले आहे हे हळूहळू उमगत जाणारा एक वयस्क गृहस्थ त्यांनी साकारला. ज्या माणसाच्या राजकारणाला आपण कडाडून विरोध केला, त्याच्या एकाकीपणात इतक्या आदराने प्रवेश करणे हे केवळ कौशल्याचे काम नव्हे. त्यासाठी मन मोठे असावे लागते. या भूमिकेसाठी १९८७ साली बर्लिन महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले. त्याआधी १९८३ साली स्विस दिग्दर्शक क्लोद गोरेता यांच्या चित्रपटासाठी कान येथेही त्यांचा असाच सन्मान झाला होता.

वय वाढत गेले, मध्यंतरी गंभीर आजारपणही आले आणि त्यांचा अभिनय अधिकाधिक शांत होत गेला. या शांतपणाची सुरुवात रोसी यांच्या १९७९ सालच्या ‘ख्राइस्ट स्टॉप्ड ॲट एबोली’मध्येच झाली होती. मुसोलिनीच्या राजवटीने दक्षिणेतल्या दरिद्री खेड्यात हद्दपार केलेले चित्रकार, डॉक्टर आणि लेखक कार्लो लेव्ही यांची ती भूमिका. तिच्यात व्होलोन्ते फार थोडे बोलतात आणि गावकऱ्यांचे ऐकत राहतात. जान्नी आमेलिओ यांच्या १९९० सालच्या ‘ओपन डोअर्स’मध्ये ते फॅसिस्ट काळातल्या पालेर्मोचे न्यायाधीश आहेत. समोरच्या आरोपीने तीन खून केले आहेत, त्याला स्वतःलाच मृत्युदंड हवा आहे, राज्यकर्त्यांना तो हवा आहे आणि लोकांनाही हवा आहे. आणि हा एकटा माणूस, आवाज न चढवता, त्याला नकार देतो. वीस वर्षांपूर्वीच्या त्या गर्जणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याशेजारी हा न्यायाधीश ठेवला की, या नटाने केवढे अंतर कापले ते कळते.

१९९१ साली व्हेनिस महोत्सवाने एकूण कारकिर्दीसाठी त्यांना सुवर्णसिंह दिला. ६ डिसेंबर १९९४ रोजी, उत्तर ग्रीसमधल्या फ्लोरिना गावी, थिओ अँजेलोपोलस यांच्या ‘युलिसिस गेझ’चे चित्रीकरण चालू असताना त्यांचे निधन झाले. ते एकसष्ट वर्षांचे होते. त्यांची अपुरी राहिलेली भूमिका पुढे स्वीडिश नट एरलांड योसेफसन यांनी केली.

श्रोतेहो, ज्यांना व्होलोन्ते यांचे काम नव्याने पाहायचे आहे, त्यांनी सुरुवात ‘इन्व्हेस्टिगेशन’पासून करावी आणि त्यानंतर मध्ये काहीही न पाहता थेट ‘ओपन डोअर्स’ पाहावा. मोरोंवरचे दोन चित्रपट मिळाले, तर तेही ज्या क्रमाने तयार झाले त्याच क्रमाने पाहावेत. शक्यतो मूळ इटालियन ध्वनीसह पाहावेत आणि उपशीर्षके वाचता वाचता त्या आवाजाकडे कान द्यावेत. कारण यांपैकी प्रत्येक चित्रपटात तो आवाज त्यांचा स्वतःचा आहे.

नमस्कार.